मेजरांचं नाक

दोन पेल्यांच्या मधे मेजर स्वतःचं कोपर हुंगायचे. शर्टाची बाही नीट दुमडून, रक्त काढायला सुई टोचतात त्या आतल्या खळग्यात नाक टेकवायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. मग पुढचा पेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, यांना घामाची शंका आली असेल. विचारलं तर म्हणाले, "आपला वास म्हंजे शून्य. दर बारीला शून्यावर यायचं आन् मग म्होरं जायचं. न्हाईतर पयल्या व्हिस्कीची कागाळी दुसरीच्या कानात जाती."

मी बी. एस्सी. केमिस्ट्री. आम्ही प्रयोगशाळेत याला ब्लँक म्हणतो, हे मी त्यांना जरा ऐटीतच सांगितलं.

"म्हना की," ते म्हणाले. "कोपराला काय फरक पडतोय?"

खरं तर ते मेजर नव्हते. आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. ते ऑफिसर मेसमधले हवालदार. मूळचे पाटणच्या वरच्या अंगाचे, कोयनेच्या खोऱ्यातले. मेसमध्ये साहेब लोकांचे पेले भरता भरता त्यांना कळलं की बाटलीवरची चिठ्ठी न बघता आपल्याला आतलं ओळखता येतं. एका कर्नलसाहेबानं पैजेवर त्यांचे डोळे बांधले आणि सहा पेले पुढं ठेवले. सहाच्या सहा बरोबर.

"मग पैजेत काय मिळालं?" मी विचारलं.

"डोळं बांधल्याला रुमाल."

आमचा कारखाना सांगलीपासून तासाभरावर, कृष्णेच्या काठाला. उसाच्या मळीपासून स्पिरिट काढायचं, त्यात मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेली थोडी माल्ट मिसळून व्हिस्की करायची आणि बाटल्या भरायच्या. माल पास करायचा की नाही हे मेजरांच्या नाकावर. कागदोपत्री त्यांचं पद लांबलचक इंग्रजी होतं, पण कामगार त्यांना सरळ 'नाकवाले' म्हणायचे. त्यांच्या हाताखाली मी केमिस्ट म्हणून लागले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी जिथं तिथं सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

माझे वडील लोणंदच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचे आणि आई कांदा निवडायची. सांगलीत विश्रामबागला कॉलेजात होते तेव्हा मी सुट्टीवरून परत येताना हात लिंबानं घासून यायची, तरी वर्गात बसल्यावर वाटायचं, सगळ्यांना येतोय. मुलाखतीत मॅनेजरसाहेबांनी मला पदवीबद्दल विचारलं. मेजरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे."

"कांदा घालून. उद्यापास्नं बिनकांद्याचं खायाचं. लोणंदची हायस न्हवं? घरात कांदा हाताळत्यात?"

माझी मान खाली गेली.

"लाजतीस कशाला? भरल्या पोत्यावर हात ठिवून आत सडका हाय का ते सांगशील?"

"हात कशाला ठेवायचा?" मला रागच आला. "लांबूनच वास येतो की."

मेजर मॅनेजरांकडं वळले. "साहेब, हिला घ्या. बाकीचं पुस्तकातलं हिला येतच आसंल."

माझी तीन वर्षांची डिग्री 'बाकीचं' झाली, याचा मला दोन दिवस राग होता.

सकाळी दहा ते बारा ही चवीची वेळ. पंखा बंद, खिडक्या बंद. टेबलावर निळ्या काचेचे, तोंडाशी आवळलेले पेले, प्रत्येकावर काचेची चकती. निळे अशासाठी की आतला रंग दिसू नये. "रंग म्हंजे पावडर-लाली," मेजर म्हणायचे. "करपवल्याली साकर घातली की काल जल्मल्यालं पोरगंबी आज्जा दिसतंय." तुलनेसाठी देशोदेशीच्या बाटल्या मागवलेल्या असायच्या. त्यातल्या समुद्राकाठच्या स्कॉचचा पहिला पेला मी हुंगला आणि तोंड फिरवलं.

"काय येतंय?"

"स्मोकी. फिनॉल."

"ते तुज्या पुस्तकाला येतंय. तुला काय येतंय?"

मी पुन्हा नाक घातलं. "दवाखाना. आयोडीनचा बोळा. आणि पावसात भिजलेल्या गवऱ्या पेटवल्यावर येतो तसला धूर."

"आत्ता कशी बोललीस!"

असं करत करत मी जगाच्या व्हिस्क्या शिकले. अमेरिकेची मक्याची म्हणजे सुताराच्या दुकानात कुणीतरी व्हॅनिला आइस्क्रीम सांडलंय. आयर्लंडची म्हणजे शाळेच्या डब्यातली सफरचंदाची फोड, मधल्या सुट्टीपर्यंत काळी पडलेली. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरलेली म्हणजे दिवाळीनंतर उघडलेला अनारशांचा डबा. आणि आमची मळीची. तिला मेजरांनी कधी नावं ठेवली नाहीत. "गुऱ्हाळावरची हाय ती. अंगाला काकवी लागलीया. कितीबी धुतली तरी वाईच ऱ्हानारच."

हुंगून झालं की पाण्याचे चार थेंब, मग घोट, मग तो घोट तोंडभर फिरवून थुंकायचा. खरी परीक्षा थुंकल्यानंतर. ते घड्याळाकडं बघत गप्प बसायचे. "ह्यो कॅप्टन. दार आपटून आत आला, लय बोलला, गेला. मागं काय न्हाई. आन् ह्यो कर्नल. हळू बोलतोय, पर गेला तरी खोलीत हायच." एकदा एक जाहिरातीत फार गाजलेली बाटली आली. मी विचारलं, "हा कोण?"

"ह्यो भरतीत नापास झाल्याला. गावात सांगत फिरतोय, मी फौजेत हाय."

नाकासाठी मेजरांनी घरात कर्फ्यू लावला होता. विश्रामबागला दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. वासाचा साबण नाही, उदबत्ती नाही, केसांना तेल बिनवासाचं, आणि मेजर कामावर निघाल्याशिवाय फोडणी नाही. मी जेवायला गेले की काकू सगळी गाऱ्हाणी त्यांच्यासमोरच सांगायच्या.

"माज्या गणपतीला जल्मात मोगरा न्हाई. जास्वंद घे आन् गप बस."

"अगं, गणपतीला जास्वंदच आवडतं," मेजर.

"आन् मला वो?"

यावर मेजर ताटात बघायचे. रविवारी एक पेग, आपल्याच कारखान्याचा, निम्मं पाणी, एवढंच ते प्यायचे. बाकी आठवडाभर थुंकायचे.

माझ्या आईनं आमच्या गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून घरोघर फिरून बायांकडून आडव्या बाटलीला मतं मागितलेली. त्यामुळं घरी मी 'केमिकलची कंपनी' एवढंच सांगितलं होतं. असल्या गोष्टी किती दिवस झाकून राहतात? एका सकाळी आई एसटीनं थेट कारखान्याच्या गेटवर आली आणि वॉचमनच्या खोलीत ठाण मांडून बसली. मेजर स्वतः भेटायला आले.

"तुमी माज्या लेकीला दारू प्यायला शिकिवताय?"

"आवं वैनी, प्यायला शिकवायला मानूस कशाला लागतंय? मी थुंकायला शिकिवतोय."

आईला हसू आलं नाही. मेजरांनी आतून चार झाकलेले पेले मागवले. "पिऊ नगा. नुसता वास घ्या. कुठला नासलाय सांगा. मग ठरवा, पोरीला न्यायची का ठिवायची." आईनं पदरानं नाक पुसलं, चारही पेले जत्रेतल्या बांगड्या बघाव्यात तसे बघितले आणि तिसरा लांब सारला. "ह्यो. खालनं सडलाय." तो मेजरांनी शिकवणीसाठी मुद्दाम ठेवलेला बिघडलेला नमुना होता. मला तो ओळखायला दोन दिवस लागले होते.

मेजर उठून उभे राहिले. "वैनी, हिचं नाक कुठनं आलंय ते आत्ता कळलं."

"नाक माजं आसंल. पर ह्या कामाला न्हवतं दिलं."

आईचा विरोध आजही आहे. पण त्या दिवशी एसटीची पायरी चढता चढता ती वळली आणि म्हणाली, "थुंकतीस न्हवं नीट?"

मेजरांचा जीव अडकला होता मागच्या गोदामात. त्यांनी हट्ट धरून सहा वर्षांपूर्वी आमच्याच कारखान्यात नुसत्या बार्लीची माल्ट गाळून घेतली होती आणि अमेरिकेहून आलेल्या चाळीस लाकडी पिंपांत मुरायला ठेवली होती. प्रत्येक पिंपाला नाव. थोरली, धाकली, सुभेदार. सारखी झिरपायची ती शेंबडी. आणि जिचा वास कधी फुलायचा, कधी दडी मारायचा ती रुसकी. दर महिन्याला माल थोडा थोडा उडून कमी व्हायचा. साहेब लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. मेजर म्हणायचे, "देवदूत कशाला? सांगलीचं ऊन पितंय ते."

त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते आणि मॅनेजरांनी शब्द दिला होता, पहिली माल्ट मेजर निवडतील त्या पिंपांतूनच भरायची. "मेसमधी जल्मभर दुसऱ्याची वतली," ते म्हणायचे. "जाताना एकडाव आपली वतायची. आपल्या पान्याची, आपल्या उनाची. मग खुशाल घरी बसतो." याहून जास्त काही त्यांना नको होतं. मी विचारलंही होतं एकदा, बाटलीवर तुमचं नाव घालायला सांगू का? "नगं," म्हणाले. "वासात आसूंदे."

त्या पावसाळ्यात नदीचं पाणी गोदामात शिरलं. फार नाही, घोट्याएवढं, दोन दिवस. खालच्या रांगेतली पिंपं ओली राहिली. पाणी ओसरलं आणि गावोगाव तापाची साथ आली. मेजर चार दिवस पडून होते. पाचव्या दिवशी उठले आणि पिंपं निवडायला लागले. प्रत्येक पिंपातून मी थोडी थोडी काढून द्यायची, ते हुंगायचे, कोपर हुंगायचे आणि सांगायचे, मी लिहायची. चाळीसातून नऊ निवडली. सगळी एकत्र ओतायचा दिवस ठरला.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. "पोरी, तुला म्हून सांगती. काल दूध उतू जाऊन करपलं. मी न्हानीत हुते. खालच्या घरची बाई पळत वर आली. आन् हे गॅसच्या शेजारी पेपर वाचत बसल्याले."

"लक्ष नसेल काकू."

"लक्ष? तिसऱ्या घरातला लसूण ह्यास्नी झोपेत कळतोय." मग म्हणाल्या, "आज मी मोगऱ्याचा गजरा आणला. केसात घालून म्होरं जाऊन बसले."

"काय म्हणाले?"

"चा दे म्हनाले."

'मी बघते काकू,' म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या वह्या काढल्या. त्या आठवड्यात मेजरांनी नऊ पिंपांबद्दल सांगितलेले शब्द आणि पावसाआधी सांगितलेले शब्द शेजारी ठेवले. शब्दाला शब्द तेच. मग मी नवाही नमुन्यांत स्वतः नाक घातलं. आठ छान होते. रुसकीला ओल्या पोत्याचा वास मारत होता. दडी मारलेला नव्हे, बुरशीचा. प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या मशीनवर काही दिसलं नाही. असला वास मशीनच्या आधी नाकाला कळतो. पण हे एक पिंप बाकी आठांत मिसळलं असतं तर सहा वर्षं गटारात.

सकाळी दहाला मी पेला त्यांच्यापुढं ठेवला. "मेजर, रुसकीला वास मारतोय."

"कसला?"

"ओल्या पोत्याचा."

त्यांनी पेला नाकाशी धरला. खूप वेळ धरला. मग बाही दुमडली आणि कोपर हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिसऱ्यांदा हुंगताना त्यांनी चेहरा तिथून वर काढलाच नाही.

"ह्याचाबी येईना झालाय, पोरी," ते तसेच कोपरात बोलले. "अठरा दिस झालं."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"मी खोटं न्हाई बोललो. पिंपासमोर हुबा ऱ्हायलो की मागल्या टायमाचं आठवायचं. मला वाटायचं, येतंयच. आपल्याच पोरांचा वास, न यायला काय झालं?"

म्हणजे सहा वर्षं ती पिंपं त्यांनी इतकी पाठ केली होती की नाक बंद पडलं तरी आठवण चालू राहिली. आणि आठवणीला पुराचं पाणी माहीत नव्हतं.

मी म्हणाले, "मेजर, मी हुंगते, तुम्ही बोला. काही महिन्यांचा तर प्रश्न आहे. कुणाला कळायचं कारण नाही." पदवी घेतलेल्या बाईनं असं सुचवावं का? सुचवलं. आजही सुचवीन. त्यांनी मान डोलावली.

दोन दिवस आमचं ते चाललं. मी आधी गोदामात जाऊन हुंगून यायची, व्हरांड्यात त्यांना सांगायची, आणि खोलीत ते सगळ्यांसमोर बोलायचे. रुसकी काढली, धाकली घेतली. तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब आले. त्यांनी नमुन्यापुरतं केलेलं जुनं आणि नवं मिश्रण दोन्ही चाखून बघितलं.

"मेजर, मला तर दोन्ही सारखीच वाटली असती. पण तुम्ही दाखवल्यावर ते पोतं आता येतंय मला. काय नाक आहे हो तुमचं!"

मेजरांनी दुमडलेली बाही खाली केली. मनगटाचं बटण लावलं.

"साहेब, नाक हिचं हाय. माजं गेलं."

साहेब हसले. मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. "कधीपासून?"

"तापात. वीस-एक दिस."

"आणि पिंपं निवडलीत ती?"

"त्याच्या मागनं. सही माजीच हाय."

"सर, आम्ही वेळेत पकडलं," मी मधे बोलले.

"आमी न्हाई. हिनं." मेजरांनी वही पुढं ओढली आणि उभ्या उभ्याच लिहिलं. ते पान मी नंतर पुष्कळदा वाचलं आहे. 'मला तापापासून वास येत नाही. तरी मी नऊ पिंपे पास केली. एक खराब होते. ते केमिस्ट बाईंनी ओळखले. माझ्या सगळ्या सह्या परत तपासून घ्याव्यात.' खाली सही, आणि सहीखाली कधी न लिहिलेलं, 'हवालदार, निवृत्त.'

"हे लिहायची काही गरज नव्हती, मेजर," साहेब हळूच म्हणाले.

"साहेब, ही पिंपं मी सहा वर्सं राखली. आता त्यास्नी लबाडीनं कशी वतू?"

बाहेरून एक जाणकार बोलावला. त्यानं चाळीसही पिंपं तपासली आणि आमची नऊ, म्हणजे आठ मेजरांची आणि एक माझं, तशीच ठेवली. ओतायच्या दिवशी थोरलीचं बूच मेजरांनीच काढलं. वास सुटला तसे गोदामातले सगळे एक पाऊल पुढं सरकले. सवयीनं मेजरही वाकले आणि त्यांनी लांब श्वास घेतला. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

डॉक्टर म्हणाले होते, येईल, किंवा येणारही नाही. निवृत्तीपर्यंत आला नाही. उरलेले महिने ते रोज दहाला चवीच्या खोलीत माझ्याशेजारी बसायचे, चकत्या काढून द्यायचे, घड्याळ बघायचे. "नाक तुजं, टाइम माजा," म्हणायचे.

माल्ट बाटल्यांत भरली गेली तेव्हा ते घरी बसले होते. एका रविवारी मी एक छोटी बाटली आणि एक निळा पेला घेऊन विश्रामबागला गेले. ओतली, चकती ठेवली, दहा मिनिटं थांबलो. मेजरांनी घोट घेतला, तोंडभर फिरवला आणि निळ्या पेल्यातला असूनही पहिल्यांदाच गिळला.

"गोड हाय," ते म्हणाले. "जरा कडू. जिबंला चटका. बास. तोंड झाकून कुनीतरी घरात आल्यागत वाटतंय." पेला माझ्याकडं सरकवला. "तू सांग."

मी नाक घातलं आणि सांगायला लागले. आधी मध, पण पोळ्यातला, मेणासकट. मग भाजलेलं जवस. केळीच्या पानावर गरम भात वाढल्यावर येतो तो वास. पाणी घातलं की ओलं सागवान. मेजर डोळे मिटून ऐकत होते आणि दर शब्दाला बोट मांडीवर टेकवत होते, जणू हजेरी घेतायत. काकू दाराला टेकून उभ्या होत्या. माझे शब्द संपत आले. त्यांचं बोट वरच थांबलं होतं, आणखी कुणीतरी यायचं राहिल्यासारखं.

"आणि अगदी शेवटी," मी म्हणाले, "बऱ्याच वेळानं, करवंदीची फुलं. उन्हाळ्याच्या तोंडाला पाटणच्या डोंगरात असतात तशी."

मेजरांनी डोळे उघडले.

"करवंदीची?"

"हो."

"तू पाटणला कवा गेलीस?"

मी पेल्यावर चकती ठेवली.

"न्हाई गेलीस न्हवं? मग करवंदीचं फूल तुला काय ठावं? लोणंदच्या बाजारात हुंगलंस व्हय?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. माझे कान तापले.

"लबाड हायस," मेजर म्हणाले. मग खुर्चीत मागं रेलले आणि परत डोळे मिटले.

"बोल. करवंदीपास्नं बोल."